उन्हाळ्यात वर आलेलं विद्यापीठ

शिकलेली माणसं डोंगरावर चढवायची आणि धड खाली उतरवायची, हा माझा धंदा. याला नाव नाही. मोखाड्याच्या बाजारात मला कोणी जीपवाला म्हणतं, कोणी दलाल म्हणतं, आणि ज्यांचं माझ्याशी वाजलेलं आहे ते दामूशेठ म्हणतात. शेठ हा शब्द आमच्याकडे दरवेळी मान द्यायलाच लावतात असं नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं समजावून सांगतो. जव्हार-मोखाड्याकडे वर्षभर कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाचं माणूस येत असतं. त्याला गाडी लागते, राहायला खोली लागते, भाकरी लागते आणि पाड्यावरची बोली मराठीत करून सांगणारा माणूस लागतो. हे सगळं माझ्याकडे एकाच ठिकाणी मिळतं. मी जीपच्या मागच्या फळीवर उभा राहून पोशेरा, मोखाडा, जव्हार असं ओरडत धंद्याला लागलो. आज माझ्या स्वतःच्या जीपा आहेत, जव्हारला भाड्याच्या खोल्या आहेत, एक ट्रॅक्टर आहे आणि त्याच्यामागे जोडायची पाण्याची टाकी आहे. यातलं मला कोणी दिलेलं नाही. सगळं भांडून मिळवलेलं आहे.

भांडणाचीही रीत असते. नवीन जीपवाले चढायचं भाडं ठरवतात आणि उतरताना रडतात. मी उतरायचं भाडं आधी ठरवतो. खाली उभा असलेला माणूस ताजातवाना असतो, दुसरी गाडी शोधायची धमकी देतो. वर गेला, पाऊस लागला, दरड आली, पाय मुरगळला, की तो माझाच असतो. पण तेव्हा भाव वाढवला तर तो पुन्हा येत नाही, आणि चार लोकांना सांगतो. म्हणून वर गेल्यावर मी पैशाचं बोलत नाही. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक वनस्पतीवाले सर होते. भाड्यावरून भाजीबाजारात भांडावं तसं माझ्याशी भांडायचे, आणि पाड्यावर गेले की कुठल्याही म्हाताऱ्याला पायातल्या चपला काढून द्यायचे. परत येताना अनवाणी. एकदा मी चिडून विचारलं, "सर, माझ्याशीच बरी घासाघीस सुचते तुम्हाला?" म्हणाले, "तू उलटा भांडतोस म्हणून. तो म्हातारा भांडला असता तर त्याच्याशीही केली असती."

मग कुपोषण पाहायला मुलांचे दंड पट्टीनं मोजणाऱ्यांची वर्षं आली. एक तुकडी गेली की दुसरी. जामसरकडच्या एका पाड्यावर एका बाईनं पोर पुढं करत विचारलं, "आधीच्यांची पट्टी हरवली काय?" मी त्याचं मराठी करून सांगितलं नाही. काही वाक्यं गाडीतच ठेवायची असतात.

आणि आता सगळ्यांचा विषय एकच, हवामान. एका तरुण संशोधकानं एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, पाऊस बदललाय ना?" म्हातारा म्हणाला, "बदललाय तर." आठवड्यानं दुसऱ्या विद्यापीठाचा आला. "पाऊस तसा पूर्वीसारखाच आहे, नाही का?" म्हातारा म्हणाला, "तसाच हाय." ते गेल्यावर मी म्हाताऱ्याला धरलं, "बाबा, खरं काय ते मला सांग." तो हसला. "लांबून आला होता पाव्हणा. त्याला काय पायजे ते त्याच्याच तोंडात होतं. मी कशाला तोंडातला घास काढू?"

तेव्हा मी हसलो होतो. पुढे त्याच गोष्टीनं माझी झोप उडवली. ते सांगायलाच हे लिहायला घेतलं आहे, कारण खाली शहरात माझ्याबद्दल काही बोललं गेलं आहे आणि ते मला मान्य नाही.

त्या मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा पावसाळा होता. खालच्या एका विद्यापीठात प्राध्यापक. नाव लिहीत नाही. त्यांनी माझं घेतलं नाही, मीही त्यांचं घेणार नाही. इतरांसारख्या त्या पाहायला किंवा मोजायला आल्या नव्हत्या. जागा शोधायला आल्या होत्या. घाट चढताना त्यांनी मला सगळं सांगितलं. ड्रायव्हरला सांगायला माणूस लाजत नाही.

त्यांच्याकडे उन्हाळ्यात परीक्षा घेणं अशक्य व्हायला लागलं होतं. वर्गात पोरं चक्कर येऊन पडतात, वीज गेली की पंखेही बंद. पावसाळ्यात वसतिगृहाच्या तळमजल्यात पाणी, ग्रंथालयाचे खालचे कप्पे भिजलेले. म्हणून विद्यापीठात विचार चालला होता की पुढच्या काळात एका जागी मोठ्या इमारती बांधून बसण्यात अर्थ नाही. कडक उन्हाचे आणि पावसाचे महिने वर्ग डोंगरावर भरवायचे. मुलं गावात राहतील, गावाकडून शिकतील, गावातल्या जाणत्या माणसांना शिक्षक म्हणून मान मिळेल. पाऊस सरला की परत खाली.

"म्हणजे मेंढपाळांसारखं," मी म्हणालो. "ऋतूप्रमाणे हलायचं."

त्यांना ते फार आवडलं. त्यांनी लगेच लिहून घेतलं.

"लिहिता कशाला?" मी म्हणालो. "मेंढरं बसतात तिथलं गवत संपतं. पण मेंढपाळ निदान शेतात खत सोडून जातो. तुम्ही काय सोडून जाणार?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "रस्ता. शाळेला चांगलं छप्पर. इथल्या मुलांना नोकऱ्या. चालेल?"

"आणि एक विचारू? आमचा डोंगर इतकी वर्षं इथंच आहे. आत्ताच कसा दिसला?"

त्यांनी वही मिटली. मला वाटलं दुखावल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू दामूभाऊ? आता आमचे पाय भाजायला लागले."

उत्तर खरं होतं. म्हणूनच मी जास्त सावध झालो. गोड बोलणाऱ्याला मी ओळखतो, त्याचा भाव करता येतो. खरं बोलणारा माणूस खरोखरच्या गरजेनं आलेला असतो, आणि गरजेनं आलेला माणूस जागा घेतल्याशिवाय जात नाही.

त्यांना पसंत पडला तो वरचा पाडा. पोशेऱ्याच्या पुढे, माळावर. आम्ही त्याला नुसतं वरचा पाडा म्हणतो. तिथे माझी धाकटी बहीण यमुना दिली आहे. माळावर संध्याकाळी वारा सुटतो, शाळेची इमारत अर्धी रिकामी असते. पावसाळ्यात तर तिथे सगळीकडून पाणी वाहत असतं. मॅडमनी ओहोळांचे फोटो काढले. मी तेव्हाच म्हणालो होतो, "मॅडम, इथे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत आणि उन्हाळ्यात धुता येत नाहीत." त्यांना वाटलं मी विनोद केला.

यमुनाचा मुलगा सोमा, माझा भाचा, जव्हारच्या कॉलेजातून बी.ए. झालेला. मॅडमना तो आवडला. केंद्र झालं तर इथली व्यवस्था पाहायला शिकलेला माणूस लागेल, असं त्या त्याला म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, लिहून काही दिलं नाही. पण पोरानं त्याच दिवसापासून शर्ट खोचायला सुरुवात केली.

दिवाळीनंतर त्यांचे विद्यार्थी पाहणीला आले. माळावर खुरासणी पिवळी फुललेली, विहीर अजून चांगली भरलेली. पाड्यातली निम्मी माणसं वीटभट्टीवर आणि भिवंडीकडे कामाला गेलेली. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या आणि कुत्री मागे. विद्यार्थी घरोघर फिरले. मी बरोबर होतो. यमुनाच्या ओट्यावर एक मुलगी बसली. यमुनानं आधी तांब्या दिला. ती पाणी प्यायली, तिनं तोंड पुसलं आणि विचारलं, "मावशी, उन्हाळ्यात पाणी पुरतं का?"

यमुना म्हणाली, "पुरतं तर."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. प्रत्येक घरात आधी तांब्या, मग प्रश्न, मग "पुरतं." ज्या बायका मे महिन्यात विहिरीच्या तळाला उतरून खडकातल्या पाझराचं पाणी वाटीनं भरतात, त्याच बायका. मुलं निघून गेल्यावर मी यमुनावर ओरडलो.

"पुरतं? कोणाला पुरतं ग? तुला वेड लागलंय काय?"

"ओरडू नको दादा."

"खरं सांगायला काय जातं तुझं?"

"घरात आली, माझ्या हातचं पानी प्याली, आणि विचारते पानी हाय का. मी नाय म्हणू? म्हणजे काय, परत ओक म्हणू तिला?"

ही आमची रीत आहे, मी अशाच घरात वाढलो आहे. पाहुण्याला पाणी नाही असं सांगणं म्हणजे उठ आणि जा असं सांगणं. भाकरी नाही हे सांगता येतं, तांदूळ संपले हे सांगता येतं. पाणी नाही, हे नाही सांगत. आणि विद्यापीठानं तोच प्रश्न पाहुणा होऊन, पाणी पिऊन, घरोघर विचारला होता. माझा संशय असा की त्यांना दुसरं उत्तर नकोच होतं. पण संशय बाजूला ठेवला तरी चूक दोघांची होती आणि कोणीच खोटं बोललं नव्हतं.

मी जव्हारला जाऊन मॅडमना गाठलं आणि स्वच्छ सांगितलं. वरच्या पाड्यावर उन्हाळ्यात पाणी नसतं. पोरं आणू नका. आणायची तर होळीच्या आधी आणा.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "दामूभाऊ, तुमचा टँकर आहे ना?"

"टाकी आहे. ट्रॅक्टरची."

"आणि जव्हारला खोल्याही आहेत."

"आहेत. मग?"

"काही नाही. पाड्यावर प्रत्येक घरानं वेगळं सांगितलं आहे. फक्त तुम्ही हे सांगताय."

मी जीपची किल्ली टेबलावर आपटली. जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. आयुष्यभर मी गिऱ्हाइकाला खोटं सांगून भाव वाढवला असेल, वाट बंद आहे म्हणून लांबून नेलं असेल, पण त्या दिवशी मी पहिल्यांदा तोटा होईल असं खरं बोललो होतो. मुलं आली असती तर सगळ्यांत जास्त फेऱ्या माझ्याच जीपांच्या झाल्या असत्या. हे त्यांना समजत नव्हतं. माझं सगळंच बोलणं त्यांना भावाचा पहिला आकडा वाटायचं.

घरचे तरी कुठे वेगळे? सोमा मला बाजारात भेटला. "मामा, तुला कॉलेज जव्हारला न्यायचंय."

"कोण म्हणतं?"

"सगळा पाडा म्हणतो. तिकडं तुझ्या खोल्या भरतील. माझं काम मात्र जाईल."

"आयशीला विचार, मे महिन्यात ती कुठं असते."

"आय काय, जन्मभर विहिरीतच आहे. हे लोक आले तर निदान पाईप येईल."

हे म्हणणंही सरळ उडवून लावण्यासारखं नव्हतं. मोठी माणसं आली की पाईप येतो, हे आम्ही इतर गावांत पाहिलं आहे. पण पाईप येईपर्यंतच्या उन्हाळ्यात कोण काय पिणार, हे कोणी बोलत नव्हतं. आणि आलेला पाईप आधी कोणाच्या टाकीत उतरेल, हेही नाही.

त्या मे महिन्यात विद्यापीठानं पहिली तुकडी प्रयोग म्हणून आणली. सगळी व्यवस्था सोमानं केली, गाड्याही दुसऱ्याच्या. मला कोणी विचारलं नाही. मी मोखाड्याला बसून राहिलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसत राहिलो.

बाजाराच्या दिवशी यमुना आली नाही. ती बाजार चुकवत नाही. पाड्यावरची एक बाई दिसली, तिला विचारलं. ती म्हणाली, "पान्यावर हाय."

"मग येईल पाणी भरून."

"कधी? पाव्हण्यांचं भरल्याशिवाय आमचं कुठं लागतं?"

मी जीप काढली.

वरच्या पाड्यावर मे महिन्यात माणसं सगळ्यांत जास्त असतात, हे पाहणीत आलं नव्हतं. भट्ट्यांवरून लोक परततात, लग्नं असतात, शेताची तयारी असते. विहिरीवर हांड्यांची ओळ वळून पार झाडापर्यंत गेली होती. यमुना तळाशी होती. वरून तिचं फक्त डोकं दिसत होतं. वाटीनं पाणी भरून घमेल्यात, घमेल्यातून वर दोरीनं. आणि वर आलेलं पाणी ओळीतल्या पहिल्या हांड्यात न जाता शाळेच्या निळ्या पिंपात जात होतं.

मी शाळेत गेलो. मुलं वाईट नव्हती, हे सांगायला हवं. भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवून लावलं होतं, "पाणी जपून वापरा." रोज उजाडायला दाराशी भरलेली पिंपं उभी असायची, आणि ती कशी येतात हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. एक मुलगा केस धुऊन उन्हात बसला होता. मॅडम वर्ग घेत होत्या. पाण्यावरच काहीतरी चाललं होतं.

मी ओरडणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण ओरडलो असतो तर काय झालं असतं? दामूशेठ पुन्हा भाव करायला आला, एवढंच. धंद्यात एक गोष्ट शिकलो आहे: समोरचा ऐकत नसेल तर आकडा बदलून उपयोग नाही, माणसं बसलीत ती जागा बदलावी लागते.

आमच्या रीतीलाही एक वाट आहे. पाहुणा कधी पाहुणा राहत नाही? ज्या दिवशी तो घरातलं भांडं उचलून स्वतः पाण्याला जातो, त्या दिवसापासून. नवी सूनही पहिल्यांदा हांडा घेऊन पाण्यावर गेली की घरची होते. त्यानंतर तिला कोणी पाणी विचारत नाही, आणि तिच्यावर ओरडायला सासू मोकळी होते.

कोपऱ्यात शाळेचा रिकामा हांडा होता. मी तो उचलून मॅडमच्या हातात दिला.

"आज तुमचं पाणी तुम्ही आणा."

सोमा धावत आला. "मामा, काय करतोस? लाज आहे का?"

"तू गप. मॅडम, तुम्ही म्हणाला होता मुलं गावाकडून शिकतील. चला."

मॅडमचा चेहरा कडक झाला. पण त्या मागे हटणाऱ्यातल्या नव्हत्या, हे मी त्यांचं श्रेय मानतो. त्यांनी हांडा घेतला आणि चालू लागल्या. मुलं मागोमाग आली. विहिरीवरच्या बायका गडबडून उठल्या. कोणी हांडा त्यांच्या हातातून घ्यायला पुढे झालं, कोणी माझ्या नावानं बोटं मोडली. यमुना ओल्या लुगड्यानं विहिरीतून वर आली आणि माझ्यावर धावून आली.

"पाव्हणीला हांडा देतोस? आपल्या आयबाचं नाव घालवलंस!"

"कुठली पाहुणी?" मी म्हणालो. "तिनं आपला हांडा आणलाय. आपल्या पायानं आलीय. आता सांग, ही पाहुणी आहे का?"

यमुना थांबली. तिनं मॅडमकडे पाहिलं, हांड्याकडे पाहिलं. बायकाही पाहत राहिल्या. मॅडमना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी आपल्या मनानं एकच गोष्ट केली, आणि ती बरोबर केली. ओळीच्या शेवटी, झाडाजवळ जाऊन, शेवटच्या हांड्यामागे आपला हांडा ठेवला आणि त्याच्याशेजारी उभ्या राहिल्या.

यमुना परत खाली उतरली. पुढचं घमेलं वर आलं. दोरीवरच्या बाईनं निळ्या पिंपाकडे पाहिलं, मग खाली यमुनाकडे. यमुनानं खालूनच काहीतरी सांगितलं. पाणी ओळीतल्या पहिल्या हांड्यात पडलं.

ऊन चढत गेलं. पाझर आपल्या चालीनं येतो, त्याला कोणाची घाई नसते. एक हांडा भरून झाला की बायका थांबायच्या, खडकात पुन्हा पाणी जमायची वाट पाहायच्या. मुलं आधी उभी होती, मग बसली. केस धुतलेला मुलगा ओढणीवाल्या एका मुलीमागे तोंड लपवून बसला. मॅडमनी बऱ्याच वेळानं विहिरीच्या काठावर जाऊन खाली पाहिलं. जे दिसलं ते त्या पाहत राहिल्या. मग विचारलं, "यमुनाबाई, माझी पाळी कधी येईल?"

यमुनानं मान वर केली. तिला ते बोलायला जड गेलं, मला माहीत आहे. मी तिचा भाऊ आहे.

"आज नाय," ती म्हणाली.

मॅडम काठावरच बसल्या. "पण मी विचारलं होतं. तेव्हा का नाही सांगितलं?"

"तेव्हा तू पाव्हणी होतीस," यमुना म्हणाली, आणि वाटी खडकाला लावली.

त्या दिवशी संध्याकाळी मी मुलांना खाली उतरवलं. त्यांच्या गाड्या दुसऱ्या दिवशी येणार होत्या आणि पिंपं रिकामी होती. भाड्याचं मी बोललो नाही, त्यांनीही काढलं नाही. घाटात मॅडम पुढच्या सीटवर होत्या. म्हणाल्या, "तुमचं बरोबर होतं."

"माझं नेहमीच बरोबर असतं. पटायला उशीर होतो."

"पण मग सांगा, एप्रिल-मेमध्ये माझी मुलं कुठे बसवू? खाली ती पडतात. वर पाणी नाही."

मी म्हणालो, "दिवाळीनंतर या, होळीपर्यंत राहा. विहिरीतला गाळ काढू लागा, उतारावर दगडी बांध घाला. मग कधीतरी मेचं बघू." त्या म्हणाल्या, "विद्यापीठ 'कधीतरी'वर चालत नाही." आणि हे मात्र त्यांनी लिहून घेतलं नाही.

विद्यापीठानं वरचा पाडा सोडला. आता म्हणे मोठ्या जलाशयाजवळची एखादी जागा बघतायत, त्यासाठी फिरणारी माणसं मला दिसतात. सोमाचं काम गेलं. तो आता वसईकडे एका गोदामात असतो. सणाला आला तरी माझ्या घरी पाय ठेवत नाही. पाड्यावर काही जण अजून म्हणतात की दामूनं कॉलेज घालवलं, पाईप घालवला. यमुनाची विहीर आहे तशीच आहे; मी तिचं पाणी वाढवलं नाही, फक्त जे होतं ते पाड्याला राहिलं. त्यासाठी भाचा गेला. हा सौदा चांगला झाला की वाईट, याचा हिशोब मला अजून लागत नाही, आणि सौद्याचा हिशोब न लागणं मला सहन होत नाही.

पण माझं दुखणं वेगळंच आहे. खाली विद्यापीठाच्या बैठकीत सांगितलं गेलं की वरच्या पाड्यावर स्थानिकांचा विरोध झाला, आणि त्यामागे वाहतुकीच्या धंद्यातल्या एका माणसाचे हितसंबंध होते. हे मला तिथल्याच एका शिपायानं सांगितलं. तो आमच्याकडचा आहे. मॅडम त्या बैठकीत होत्या की नव्हत्या, असल्या तर काय बोलल्या, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला पाहिजे ते उत्तर मिळालं असतं.

म्हणून इथे लिहून ठेवतो. विरोध कोणी केला नाही. आमची माणसं विरोध करतच नाहीत, तीच तर अडचण आहे. पुढच्या काळात विद्यापीठं डोंगर चढणार, हे मला दिसतंय. एक गेलं तर दुसरं येईल. खाली उकाडा वाढतोय आणि शिकलेल्या माणसाला सावली कुठे आहे हे सगळ्यांत आधी कळतं. येऊ देत. पण पाणी पिऊन झाल्यावर पाणी पुरतं का, असं विचारत येणार असतील तर माझी जीप मिळणार नाही, आणि मिळाली तर भाव मी सांगेन तो.

गेल्या मे महिन्यात मॅडम आल्या. विद्यापीठाच्या गाडीतून आल्या नाहीत, एस.टी.नं मोखाड्याला उतरल्या, बरोबर दोन-तीनच पोरं, आणि बाजारातून एक हांडा विकत घेतला. माझ्याकडे जीप मागितली. कशाला चालल्यात, काय मोजायचंय, कोणी पाठवलं, मी वाटभर विचारत राहिलो. त्या एवढंच म्हणाल्या की सुट्टी आहे. माझा विश्वास बसला नाही. अजूनही पूर्ण बसलेला नाही.

पाड्यावर पोचल्यावर त्या कोणाच्याही घरी गेल्या नाहीत. ओट्यावर बसल्या असत्या तर तांब्या आला असता. त्या हांडा घेऊन सरळ विहिरीवर, ओळीपाशी गेल्या आणि काठावरून खाली वाकल्या. यमुना तळाशी होती. तिनं वर पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा वाटी भरायला लागली.

"मागं बस," ती म्हणाली.